हातकागदावर पाठपोट छपाई

पाठपोट छापलेले पान उजेडासमोर धरले की पुढच्या ओळीमागे मागची ओळ बसलेली दिसावी, अशी अपेक्षा असते. हातकागदावर हे सहजी साधत नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्यात असा कागद बनत आला आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हापासून ही कारागिरी इथे रुजली, असे मानतात. लगद्यातून जाळीवर उचललेल्या या कागदाच्या कडा झालरदार असतात, जाडीही सगळीकडे सारखी नसते. प्रिंटरला मात्र पानाची जागा कळते ती कडांवरूनच.

म्हणून आधी कापणी. वरची कड आणि दोन्ही उभ्या कडा गुण्यात कापाव्यात. झालर राखायचीच तर पायथ्याला. पुष्कळ प्रिंटरांत ट्रेच्या पट्ट्या पान मध्यावर धरतात. त्यामुळे रुंदी २ मिलिमीटरने कमी भरली तर डावा समास १ मिलिमीटरने घटतो.

प्रिंटर स्वतः पान उलटतो तेव्हा ते खालच्या कडेकडून परत ओढतो. मग मागच्या बाजूचे मोजमाप त्या वेड्यावाकड्या झालरीपासून सुरू होते. शिवाय जाड कागद त्या वळणात अडकतो तो वेगळाच. तेव्हा आधी विषम पाने छापावीत, गठ्ठा हाताने उलटावा आणि वरचीच कड पुन्हा आधी आत जाईल असा ठेवून सम पाने छापावीत. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागदातला ओलावा उडून तो किंचित आकसतो. त्यामुळे मधे गठ्ठा काही तास पडू द्यावा.

उभे पुस्तक लांब कडेवर उलटते, डावीकडे बांधलेले आडवे पुस्तक आखूड कडेवर. पोथीचे पान आडवे असूनही खालून वर, म्हणजे लांब कडेवरच उलटते.

चाचणीसाठी ‘फिट टू पेज’ बंद करून, १०० टक्के आकारात, चारही कोपऱ्यांत फुल्या दोन्ही बाजूंना छापाव्यात. पुढच्या फुलीच्या मध्यातून टाचणी आरपार घालावी आणि मागे अंतर मोजावे. चारही फुल्या एकाच दिशेला सारख्या सरकल्या असतील, तर सम पानांचा समास तेवढा बदलावा. वर कमी, खाली जास्त सरकल्या तर पान तिरके जाते आहे. तिथे समासाला हात न लावता पट्ट्या घट्ट कराव्यात.

एवढे करूनही एखादा मिलिमीटर हलतोच. हातकागदावर मजकुराभोवती चौकट छापू नये आणि बांधणीकडचा समास २० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये.