पाहुणे जगाचे, उधारी आपली

वाण्याकडे उधारी मांडून ठेवणं आपल्याला काही नवं नाही. पण मैत्रिणींनो, घेणारा मोठ्या वाड्यातला, देणारे आपण आणि मागायला गेलं की ‘बघू पुढे!’, असा अनुभव आलाय कधी? एका देखण्या हॉटेलात आपल्या देशावर अशीच वेळ आली होती. त्या हॉटेलाचीच ही हकिकत.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, माउंट वॉशिंग्टन पर्वताच्या पायथ्याशी ब्रेटन वूड्स नावाचं ठिकाण आहे. कोळसा आणि रेल्वेत पैसा मिळवलेल्या जोसेफ स्टिकनी यांनी तिथं पांढऱ्या भिंतींचं, लाल छपरांचं प्रचंड हॉटेल बांधलं. २५० इटालियन कारागीर राबले आणि १९०२ च्या जुलैत दारं उघडली. पण पुढच्याच वर्षी स्टिकनी वारले आणि सगळा भार पत्नी कॅरोलीन यांच्यावर आला. पुढे त्यांनी एका फ्रेंच राजकुमाराशी लग्न केलं. जेवायला उतरणाऱ्या बायकांचे पोशाख त्या आधी वरून न्याहाळत आणि कुणी वरचढ दिसली, तर स्वतःचा बदलून येत, अशी आख्यायिका आहे. गंमतच, नाही?

महायुद्धात, १९४२ साली हॉटेल बंद पडलं. १९४४ च्या जुलैत ते घाईघाईनं उघडलं, कारण जगाच्या पैशाची घडी बसवायला ४४ देशांचे सातशेवर प्रतिनिधी येणार होते! अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या पत्नी लिडिया यांनी घरी कळवलं, की इथले नळ दिवसभर वाहतात आणि खिडक्या धड उघडत नाहीत की मिटत नाहीत. बंद घर एकदम उघडलं की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको!

पाहुण्यांत आपले चिंतामणराव देशमुखही होते. महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धासाठी ब्रिटननं भारतातून माल उचलला होता. त्याचे पैसे लंडनच्या खात्यात नुसते मांडून ठेवले. इकडे मात्र महागाईनं चुली विझत होत्या. १९४३ साली बंगालमध्ये तर लाखो माणसं भुकेनं मेली. हे येणं परत कसं मिळणार, असं भारताच्या वतीनं विचारलं गेलं. उत्तर आलं, ‘हा तुमचा दोघांचा घरगुती मामला!’

त्या परिषदेतून नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली. आपलं येणं पुढे करार करकरून हप्त्यानं सुटलं. मधेच, १९४९ साली पौंडाची किंमत उतरली. त्याच वर्षी रेल्वेसाठी आपण जागतिक बँकेचं पहिलं कर्ज घेतलं. देणारे होतो, घेणारे झालो!

हॉटेल आजही दिमाखात चालू आहे. करारावर सह्या झाल्या, ती ‘गोल्ड रूम’ तिथं जपून ठेवली आहे. पण चार मोठ्यांसमोर आपलं येणं न लाजता मागितलं गेलं, ही आठवण आपण जपायची. घरातही, बरं का, हिशेब लिहिलेला असावा आणि मागताना मान खाली नसावी.