मोठा प्लॅन घेण्याआधी

‘अगं, नेट पुन्हा गोल गोल फिरतंय. मोठा प्लॅन घेऊ का?’ साताऱ्याहून अप्पांनी हे विचारलं, तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितलं. त्यांच्याकडे आधीच १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलला एक-दोन एमबीपीएस पुरतात, यूट्यूबवर स्वच्छ चित्र दिसायला पाच-सहा. घरात माणसं दोनच. अप्पांनी कीर्तन आणि आईने मालिका एकाच वेळी लावली, तरी शंभरातले पंधराही खर्ची पडत नाहीत. दोनशेचा प्लॅन घेतला असता तर बिल तेवढं वाढलं असतं.

‘नेट स्लो आहे’ एवढ्यावरून काही कळत नाही, म्हणून मी फोनवरच विचारत गेले. कुठे बसल्यावर अडकतं? माजघरात. सोप्यात? तिथे बरं चालतं. आईच्या फोनवर? तिचं फारसं अडकत नाही. आणि कधी? तसं दिवसभरच, पण दिवेलागणीनंतर जास्त. या चार उत्तरांत जवळजवळ सगळं आलं. म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्हाला त्यातलं कळत नाही’ म्हणून गप्प करणारे पुष्कळ असतात, आणि मला ते फार खटकतं. दिवसभर त्या घरात तीच वावरतात. नेट कोणत्या खुर्चीवर चालतं आणि कोणत्या खुर्चीवर नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

साताऱ्याला गेल्यावर पहिलं काम केलं ते मोजणीचं. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला आणि फास्ट डॉट कॉम उघडलं. आकडा आला ९४. मग अप्पांचा फोन घेऊन माजघरात त्यांच्या आरामखुर्चीत बसले. तिथे ३. म्हणजे कंपनीने कबूल केलेला वेग घरापर्यंत पुरता येत होता आणि सोपा ते माजघर एवढ्या अंतरात नाहीसा होत होता. ही दोन मोजमापं घेतल्याशिवाय कोणी काही विकत घेऊ नये. केबल लावूनही आकडा कमीच आला तर दोष लाइनचा किंवा डब्याचा. केबलवर भरपूर आणि खोलीत कमी, तर दोष वायफायचा.

आमचा राउटर होता टीव्हीमागे, शोकेसच्या सगळ्यात खालच्या फळीवर, शेजारी लोखंडी कपाट. फायबर बसवायला आलेला मुलगा वायर जिथून आत येते तिथेच डबा ठेवून जातो. घरातली माणसं कुठे बसतात हे त्याला कोण सांगणार? वायफाय म्हणजे रेडिओलहरी. धातूवर त्या आपटून परततात, पाणी त्यांना शोषून घेतं, आणि जुन्या घराच्या दोन फुटी दगडी भिंतीतून जाताना त्यांचं बळ सरतं. डबा शोकेसच्या माथ्यावर, उघड्यावर आणला, तेवढ्याने माजघरातला आकडा ११ झाला.

अप्पांच्या फोनचं कोडं वेगळंच होतं. बहुतेक नवे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोनमध्ये त्यांची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी बहुधा ‘5G’ असतं. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही, पण आकडा मोठा म्हणून अप्पांनी तेच निवडलं होतं. मिरवणुकीतला ढोल दारं लावली तरी आत ऐकू येतो, झांजेची किणकिण बाहेरच राहते, तसं २.४ भिंतीपलीकडे पोचतं, ५ वेगवान असूनही वाटेत विरतं. सोप्यात टीव्हीला ५ उत्तम. माजघरात साधं नाव बरं, आणि आईचा फोन त्यावरच होता.

मात्र २.४ वर गर्दी असते. एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल त्यात तीनच : १, ६ आणि ११. संध्याकाळी आळीतली सगळी घरं जागी झाली की सगळे राउटर त्या तिघांतच दाटीवाटी करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे तो सुरू असेपर्यंत जवळचा कॉल अडखळू शकतो. शेजारी कोण कोणत्या चॅनेलवर आहे हे मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये दिसतं. आमच्या भोवती सगळे ६ वर होते, म्हणून आमचा राउटर ११ वर नेला.

दुकानदार अशा वेळी एक्स्टेंडर सुचवतात. साधा एक्स्टेंडर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो माजघरातच लावला, तर मुळात तिथे पोचणारं जे थोडकं तेच तो पुढे देणार. जाड भिंतींच्या घराला मी लॅन केबलच सुचवेन. आमच्याकडे तुळईच्या कडेने केबल नेऊन माजघरात दुसरा छोटा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवला. आता आरामखुर्चीत ७० च्या आसपास मिळतात. नात अमेरिकेतून बोलते तेव्हा तिचा चेहरा गोठत नाही, आणि अप्पांना फोन घेऊन उठावं लागत नाही.

एक गोष्ट घरच्यांना बजावून सांगावी अशी. डब्यात शिरणारी बारीक, बहुधा पिवळी वायर ही काचेची असते. आतला तंतू जेमतेम अष्टमांश मिलिमीटर जाड, आणि उजेड वाहतो तो त्याच्याही गाभ्यातल्या नऊ मायक्रॉनमधून. तिला घडी घातली, कपाटामागे चेपली किंवा घट्ट गुंडाळून खिळ्याला अडकवली, की वळणावर उजेड बाहेर गळतो. आईने नीटनेटकं दिसावं म्हणून तिला रबरबँड लावला होता. तो काढून वाटोळं, सैल वेटोळं केलं. डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल झाला तर उजेड पोचतच नाहीये असं समजावं. तेव्हा राउटर बंद-चालू करत बसू नये, कंपनीलाच कळवावं.

महिनाअखेरीलाच नेट मंदावत असेल, तर प्लॅनमधली डेटाची मर्यादा तपासा. ती संपल्यावर काही प्लॅनमध्ये वेग दोन-चार एमबीपीएसवर आणतात. २०२३च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने ब्रॉडबँड म्हणवून घ्यायची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. मर्यादा संपल्यावरचा वेगही याच्या तुलनेत बघून घ्यावा.

आणि केबल लावूनही आकडा सतत पडत असेल, तर तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहून ठेवायचा. अप्पा लिहितात. ‘स्लो आहे’ म्हणून फोन केला की समोरचा राउटर रीस्टार्ट करायला सांगून मोकळा होतो. ‘केबलवर सकाळी १२, रात्री ९ मिळाले’ म्हटलं की त्याला पुढे बघावंच लागतं. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तो मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते.