सॅटर्न आणि ड्रीमकास्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हुडकेश्वर आधी ग्रामपंचायतीत होतं, आता नागपूर महापालिकेत आहे. इथल्या लेआउटांमधले पोट्टे आज मोबाइलवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे गेम खेळतात. हे गेम त्यांच्या आईवडिलांनीही कधी पाहिलेले नाहीत. त्या पिढीच्या घरी 'व्हिडिओ गेम' म्हणून आला तो बहुतेक लिटल मास्टरसारखा निन्टेंडोच्या आठ बिटी यंत्राच्या नकलेचा डबा. त्याला पिवळी नाहीतर काळी कॅसेट लागायची आणि दोन रिमोट असायचे. पुढे तासावर पैसे देऊन प्लेस्टेशन खेळायला मिळू लागलं. मधल्या काळात सेगा या जपानी कंपनीने सॅटर्न आणि ड्रीमकास्ट ही दोन यंत्रं काढली, दोन्ही बाजारात पडली आणि आपल्याकडे त्यांची ओळख झालीच नाही. त्यामुळे या दोघांबद्दलचं आपलं ज्ञान बहुतेक 'फ्लॉप कन्सोल' अशा याद्यांमधून आलेलं आहे. त्यातले नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज 1 : यंत्र पडलं, म्हणजे त्याचे गेमही टाकाऊच असणार.

वस्तुस्थिती : यंत्राची विक्री किंमत, जाहिरात, दुकानदारांशी असलेले संबंध आणि प्रतिस्पर्धी यांवर ठरते. गेम चांगला की वाईट, हे त्यातून कळत नाही.

सॅटर्न जपानमध्ये 22 नोव्हेंबर 1994 रोजी आलं. अमेरिकेत ते सप्टेंबर 1995 मध्ये येईल असं आधी जाहीर झालं होतं. पण 11 मे 1995 रोजी, लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात, सेगाने 'यंत्र आजपासूनच दुकानात आहे' असं सांगून टाकलं. माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना मिळाला होता, त्यामुळे बाकीचे दुकानदार चिडले. सप्टेंबर धरून काम करणाऱ्या गेम कंपन्यांचे गेमही तयार नव्हते. किंमत होती 399 डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत 299 डॉलर जाहीर केली. अमेरिकेतला डाव तिथेच बराचसा हातचा गेला.

जगभरात सॅटर्न सुमारे 92 लाख 60 हजार विकलं गेलं आणि ड्रीमकास्ट सुमारे 91 लाख 30 हजार. पहिल्या प्लेस्टेशनचा आकडा दहा कोटींच्या पुढे गेला. व्यापार म्हणून हे अपयशच होतं, त्यात शंका नाही. पण या दोन यंत्रांवरचे कित्येक गेम पुढे इतर यंत्रांवर पुन्हा पुन्हा विकले गेले आणि आजही विकले जातात. गेममध्ये दम नसता तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

गैरसमज 2 : सॅटर्नवर खेळण्यासारखे गेमच नव्हते.

वस्तुस्थिती : सॅटर्नवर एक हजाराहून अधिक गेम निघाले, ड्रीमकास्टवर सहाशेच्या आसपास. संख्येत सॅटर्न बरंच पुढे आहे. मात्र त्यातले बहुतेक जपानबाहेर गेलेच नाहीत. अमेरिकेत दोन्ही यंत्रांच्या वाट्याला अडीचशेच्या आसपासच गेम आले. इंग्रजीतून माहिती घेणाऱ्याला सॅटर्नचं कपाट रिकामं वाटतं, ते यामुळे.

जपानमध्ये चित्र वेगळं होतं. सॅटर्नच्या एकूण विक्रीतला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या जपानचा होता. 'सकुरा वॉर्स' (1996) ही नाटक कंपनीच्या मुली आणि वाफेवर चालणारी लढाऊ यंत्रं यांची गोष्ट तिथे एवढी गाजली की तिची मालिकाच झाली. 'ग्रँडिया' (1997) आधी सॅटर्नवर आला आणि प्लेस्टेशनवर नंतर गेला. 'शायनिंग फोर्स 3' तीन भागांत निघाला. तिन्हींत एकच युद्ध वेगवेगळ्या बाजूंनी दिसतं आणि एका भागातला निर्णय पुढच्या भागात परिणाम करतो. इंग्रजीत त्याचा फक्त पहिला भाग आला. एवढी सुंदर रचना असलेली गोष्ट इंग्रजीत खेळणाऱ्याला एकतृतीयांशच मिळाली.

ही उणीव चाहत्यांनी भरून काढली. 'शायनिंग फोर्स 3'च्या उरलेल्या भागांचं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं. 'सकुरा वॉर्स'चं इंग्रजी भाषांतर 2019 मध्ये पूर्ण झालं, मूळ गेमनंतर तब्बल 23 वर्षांनी. पदरमोड करून केलेली ही कामं पाहिली की या गेमांवर लोकांचा किती जीव आहे ते समजतं.

गैरसमज 3 : सॅटर्नला थ्रीडी जमतच नव्हतं.

वस्तुस्थिती : जमत होतं, पण ते करून घेणं अवघड होतं. सॅटर्नमध्ये हिताची कंपनीचे दोन एसएच-2 प्रोसेसर होते आणि चित्रं काढायला आणखी दोन वेगळ्या चिप. दोन्ही प्रोसेसर एकाच मेमरीवर हक्क सांगायचे, त्यामुळे एकाला थांबवून दुसऱ्याला वाट द्यावी लागे. शिवाय प्लेस्टेशनसारखी यंत्रं त्रिकोण जोडून आकृती उभी करत, सॅटर्न चौकोन जोडून. प्लेस्टेशनसाठी लिहिलेला गेम इकडे आणायचा तर बराच भाग नव्याने बांधावा लागे. घाईत आणलेले गेम इथे भुंडे दिसले ते त्यामुळे.

ज्यांनी हे यंत्र समजून घेतलं त्यांनी त्यातून कमाल काढली. 'व्हर्च्युआ फायटर 2' (1995) सेकंदाला 60 चित्रांच्या वेगाने, त्या काळाच्या मानाने फार स्वच्छ दिसतो. 'पँझर ड्रॅगून सागा' (1998) चार सीडींचा आहे. त्यात ड्रॅगनवर बसून शत्रूभोवती घिरट्या घालत, त्याची कमकुवत बाजू शोधत लढायचं असतं. लढाईची ही पद्धत आजही नवी वाटते.

टूडीमध्ये तर सॅटर्नला त्या पिढीत तोड नव्हती. मागच्या खाचेत जादा मेमरीची कॅसेट बसवता येई. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' 4 मेगाबाइटच्या कॅसेटसकट आला आणि लढाई चालू असतानाच खेळाडू बदलण्याची मूळ आर्केडमधली, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रावरची, सोय त्यात शाबूत राहिली. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत मेमरी अपुरी पडली आणि नेमकी तीच सोय कापावी लागली. ट्रेझर या छोट्या कंपनीचे 'गार्डियन हीरोज' (1996) आणि 'रेडियंट सिल्व्हरगन' (1998) हे या यंत्रावरचे दोन मानाचे गेम.

गैरसमज 4 : ड्रीमकास्ट म्हणजे सॅटर्नचीच सुधारलेली आवृत्ती, दोघांचे गेम एकाच जातीचे.

वस्तुस्थिती : ड्रीमकास्टवर सॅटर्नची सीडी चालत नाही आणि दोन्ही संग्रहांचा स्वभावही वेगळा आहे.

सॅटर्नचा संग्रह रुंद आहे. लांबलचक गोष्टींचे गेम, टूडी लढाया, विमानातून गोळीबार करायचे गेम, जपानी संवादप्रधान गेम असं सगळं त्यात आहे. मात्र सेगाचा सगळ्यात मोठा हिरो सोनिक याचा नवा, भरभक्कम, मुख्य मालिकेतला गेम या यंत्राला मिळालाच नाही. 'सोनिक एक्सट्रीम' मध्येच बंद पडला. ड्रीमकास्टला मात्र 'सोनिक अ‍ॅडव्हेंचर' जपानमध्ये डिसेंबर 1998 मध्येच, म्हणजे यंत्र आल्यापाठोपाठ मिळाला.

ड्रीमकास्टचा संग्रह लहान आहे, पण त्यात धाडस जास्त. सेगाच्या नाओमी या आर्केड यंत्राची आणि ड्रीमकास्टची बांधणी जवळपास सारखीच होती. त्यामुळे 'क्रेझी टॅक्सी'सारखे पार्लरमधले गेम जसेच्या तसे घरी आले. 'सोल कॅलिबर'ची घरची आवृत्ती तर मूळ आर्केडपेक्षा देखणी झाली. 2000 मध्ये सेगाने आपल्या गेम विभागांना अर्धस्वतंत्र स्टुडिओंचं रूप दिलं. त्या सुमारास 'जेट सेट रेडिओ' आला. कार्टूनसारख्या ठळक रेषा आणि सपाट रंग वापरून थ्रीडी रंगवण्याची त्याची पद्धत पुढे कितीतरी गेमांनी उचलली. 'शेनमू' (1999) मध्ये योकोसुका शहरातल्या दुकानांच्या वेळा, पाऊसपाणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची दिनचर्या असं सगळं आहे. 'सीमन'मध्ये मायक्रोफोनवरून माणसाच्या चेहऱ्याच्या माशाशी बोलायचं असतं. 'सांबा दे अमिगो' खुळखुळे हलवून खेळायचा.

दोन्ही यंत्रांना जोडणारा धागाही आहेच. 'शेनमू'चं काम मुळात सॅटर्नवर सुरू झालं होतं. सॅटर्नच्या शेवटच्या वर्षांत सेगाच्या लोकांनी जी स्वप्नं पाहिली, त्यातली काही ड्रीमकास्टवर पुरी झाली.

गैरसमज 5 : ड्रीमकास्ट पायरसीने बुडवलं.

वस्तुस्थिती : पायरसी झाली हे खरं. ड्रीमकास्टचे गेम जीडी-रॉम नावाच्या, सुमारे एक गिगाबाइटच्या खास डिस्कवर येत. पण गाण्यांसोबत थोडं जास्तीचं काही देता यावं म्हणून ठेवलेल्या एमआयएल-सीडी या सोयीतून वाट सापडली आणि 2000 च्या मध्यापासून साध्या सीडीवर उतरवलेले गेम चालू लागले.

पण आजार त्याआधीचा होता. सॅटर्नच्या काळापासून सेगा तोट्यात होती. दुकानदारांचा आणि गेम कंपन्यांचा विश्वास उडाला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही. 9 सप्टेंबर 1999 रोजी अमेरिकेत 199 डॉलरला आलेल्या यंत्राने पहिल्या दिवशी विक्रीचे विक्रम केले, पण 2000 मध्ये प्लेस्टेशन 2 आलं. ते डीव्हीडीवरचे सिनेमेही दाखवायचं, म्हणून पुष्कळांनी ड्रीमकास्ट घेण्याऐवजी थांबणंच पसंत केलं. 31 जानेवारी 2001 रोजी सेगाने यंत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी तगावी म्हणून आपली अफाट खासगी संपत्ती तिला देऊन टाकली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचं निधन झालं.

गैरसमज 6 : कन्सोलवर ऑनलाइन खेळणं ड्रीमकास्टने सुरू केलं.

वस्तुस्थिती : सेगानेच 1990 मध्ये जपानमध्ये मेगा ड्राइव्ह या आपल्या आधीच्या यंत्रासाठी मोडेम काढला होता. सॅटर्नसाठी अमेरिकेत 1996 मध्ये नेटलिंक मोडेम आला. त्यावर मोजके पाच गेम एकमेकांच्या टेलिफोनवर फोन लावून खेळता येत. 'ड्यूक न्यूकेम 3डी' आणि 'सॅटर्न बॉम्बरमॅन' हे त्यातलेच.

ड्रीमकास्टचं श्रेय वेगळं आहे. त्यात मोडेम यंत्रासोबतच मिळे, वेगळा विकत घ्यावा लागत नसे. 2000 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या 'फँटसी स्टार ऑनलाइन'ने चार अनोळखी माणसांना, वेगवेगळ्या देशांत बसून, तयार वाक्यं आपापल्या भाषेत उमटवत एकत्र खेळवलं. आज मोबाइलवर चौघांचा स्क्वॉड करणाऱ्याने ही पायवाट कुणी रुळवली ते जाणून घ्यावं.

गैरसमज 7 : यंत्रं संपली, त्यांचा काळ संपला.

वस्तुस्थिती : ड्रीमकास्टसाठी सुरू झालेली 'एनबीए 2के' ही बास्केटबॉल मालिका आजही दरवर्षी निघते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आली नाही म्हणून सेगाने स्वतःच्या क्रीडा मालिका उभ्या केल्या, त्यातली ही एक. 'शेनमू'चे दोन्ही भाग 2018 मध्ये नव्या यंत्रांवर आले. 'रेडियंट सिल्व्हरगन' 2011 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आणि 2022 मध्ये स्विचवर आला. 'इकारुगा' ड्रीमकास्टवर 2002 मध्ये निघाला, तोही आज विकत मिळतो.

पण सगळ्यांचं नशीब असं नाही. 'पँझर ड्रॅगून सागा' कधीच पुन्हा प्रकाशित झाला नाही. त्याच्या मूळ सीडी अमेरिकेत थोड्याच निघाल्या, म्हणून आज त्यांना भरमसाट भाव येतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के गेम आज बाजारात उपलब्धच नाहीत. पडलेल्या यंत्रांचे गेम यात आधी भरडले जातात, कारण ते पुन्हा काढायला पैसे घालणारा सहज मिळत नाही.

हुडकेश्वरात बसून खेळायचं तर

ड्रीमकास्टचं इम्युलेटर साध्या मोबाइलवरही ठीक चालतं. सॅटर्नचं जड जातं, आणि कारण तेच : अनेक चिपांचा ताळमेळ. आधी स्टीम किंवा स्विचवर विकत मिळणारे गेम पाहा. 'शेनमू', 'इकारुगा' आणि 'रेडियंट सिल्व्हरगन' ही चांगली सुरुवात आहे.

कुणी जपानहून खरं यंत्र मागवलं तर लक्षात ठेवा, तिथली यंत्रं 100 व्होल्टची असतात. आपल्या 230 व्होल्टच्या प्लगात थेट लावली तर जळतील, म्हणून योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. दोन्ही यंत्रांना देशनिहाय कुलूप आहे, एका देशाची सीडी दुसऱ्या देशाच्या यंत्रात सहसा चालत नाही. सॅटर्नमध्ये सेव्ह केलेला खेळ एका बटणसेलवर जगतो. सेल संपला की सगळं पुसलं जातं, म्हणून वेळेवर बदला.

आता दोन्हींत सरस कोण? लांब गोष्टी, टूडी लढाया आणि शोधून काढण्याचा आनंद हवा असेल तर सॅटर्न. पाच मिनिटांत पकड घेणारे, रंगांनी उसळणारे, वेगळं काही करून पाहणारे गेम हवे असतील तर ड्रीमकास्ट. माझ्या मते संग्रह म्हणून सॅटर्न श्रीमंत आहे आणि नव्या माणसाने सुरुवात ड्रीमकास्टने करावी. विक्रीच्या आकड्यांनी या दोघांना शेजारी बसवलं आहे. ते आकडे बाजूला ठेवून दोन्हींकडचे दोन-दोन गेम शेवटापर्यंत खेळा आणि मग तुमचं मत बनवा. यादी वाचून बनवलेल्या मतापेक्षा ते नक्कीच खरं असेल.