वृद्ध कुत्रे आणि जलतरण तलाव

वृद्ध कुत्र्यांना जलतरण तलावात उतरताना आणि विशेषतः त्यातून बाहेर येताना माणसाच्या साहाय्याची गरज असते. बहुतेक कुत्रे पाण्यात पडताच पाय मारू लागतात. त्यामुळे कुत्र्याला पोहता येते म्हणजे तो सुरक्षित आहे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात घरगुती तलावात पोहण्यापेक्षा बाहेर पडणे अवघड असते. चांगला पोहणारा कुत्राही काठावर पंजे मारत राहिला तर दमतो आणि दमल्यावर बुडतो. वृद्ध कुत्रा त्याहून लवकर दमतो.

वार्धक्यातील बदल

मोठ्या आकाराच्या जातींत साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षापासून, तर लहान जातींत दहाव्या वर्षाच्या आसपास वार्धक्य सुरू झाले असे मानतात. खुब्याचा आणि गुडघ्याचा संधिवात ही या वयातील नेहमीची व्याधी होय. काठावर चढताना कुत्रा पुढचे पंजे वर टेकवून मागच्या पायांनी शरीर वर रेटतो. खोल पाण्यात मागच्या पायांखाली तळ नसतो आणि दुखऱ्या खुब्यांत तेवढे बळही उरलेले नसते.

दृष्टी व श्रवण मंदावल्याने पायऱ्या दिसत नाहीत आणि मालकाची हाकही ऐकू येत नाही. काही वृद्ध कुत्र्यांत माणसातील स्मृतिभ्रंशासारखा विकार आढळतो. घरात भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा असा कुत्रा तलावात वर्षानुवर्षे वापरलेल्या पायऱ्यांच्या उलट दिशेला पोहत जाऊ शकतो.

वृद्ध लॅब्रॅडॉर कुत्र्यांत स्वरयंत्राचा पक्षाघातही वरचेवर दिसतो. भुंकणे घोगरे होणे आणि श्वास घेताना खरखर होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा कुत्र्याच्या फुप्फुसांत सहज पाणी जाऊ शकते. त्यामुळे पोहण्याची कितीही हौस असली तरी त्याला तलावापासून दूर ठेवणेच योग्य.

तलावाची रचना

तलाव माणसाच्या सोयीने बांधलेला असतो. त्याच्या भिंती उभ्या आणि गुळगुळीत असतात व पाण्याची पातळी काठाच्या खाली असते. नळीची उभी शिडी कुत्र्याच्या काहीच उपयोगाची नसते. पायऱ्या असल्या तरी त्या बहुधा एकाच टोकाला असतात. महाराष्ट्रातील जुन्या बारवांत पाण्यापर्यंत उतरून परत येण्याची वाट असते; कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या जनावराची मात्र तलावातील कुत्र्यासारखीच कोंडी होते. पाण्यावर तरंगणारे आच्छादन विशेष धोकादायक असते, कारण कुत्रा त्याला जमीन समजून पाय ठेवतो आणि त्याखाली अडकतो. माणसे जवळ नसताना तलावाभोवती बंद फाटकाचे कुंपण असणे हाच खरा बचाव. पुढील सर्व उपाय त्यानंतरचे आहेत.

रॅम्प आणि सराव

पायऱ्या नसतील तेथे एक टोक काठाला बांधलेला आणि दुसरे टोक पाण्याखाली राहणारा खरखरीत रॅम्प लावतात. खालचे टोक इतके बुडालेले असावे की पोहत आलेल्या कुत्र्याची छाती आपोआप त्यावर टेकेल. कुत्र्यांना निळा व पिवळा रंग ओळखता येतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र नीट कळत नाही. त्यामुळे निळ्या तळाच्या तलावात पांढरा किंवा पिवळा रॅम्प उठून दिसतो. शेजारी काठावर मोठी कुंडी ठेवल्यास पाण्यातूनही दिसेल अशी खूण मिळते.

नुसता रॅम्प बसवून भागत नाही. प्रथम तो जमिनीवर ठेवून कुत्र्याला त्यावर चालवतात. मग पाण्यात कुत्र्याला धरून रॅम्पवरूनच सुरुवात करतात आणि हळूहळू अंतर वाढवत तलावाच्या प्रत्येक बाजूने तो रॅम्पकडे वळेल असा सराव देतात. घाबरलेला कुत्रा जवळच्या काठाकडे किंवा माणसाकडे धाव घेतो. म्हणून हाक मारणाऱ्याने रॅम्पपाशीच उभे राहावे. खंडानंतर पोहणे पुन्हा सुरू करताना हा सराव नव्याने द्यावा लागतो.

हाताने आधार

पाणी घोट्यापर्यंत असताना कुत्र्याच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ९१ टक्के, गुडघ्यापर्यंत असताना ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत असताना केवळ ३८ टक्के भार पडतो, असे मोजमापांत आढळले आहे. म्हणजेच पाण्यात तरुणासारखा वावरणाऱ्या कुत्र्यावर शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांत बहुतेक सगळे वजन परत येते आणि नेमका तेथेच तो कोसळतो. त्याला उथळ पायरीवर थोडा वेळ उभे राहू द्यावे आणि मागच्या पायांच्या पुढून पोटाखाली घेतलेल्या टॉवेलने मागचा भाग तोलून धरावा.

पाठीवर मूठ असलेले जीवरक्षक जाकीट दिशा देण्यास व तोल सांभाळण्यास उपयोगी पडते. भारी कुत्र्याला उचलावेच लागले तर दोघांनी उचलावे. एकाने छातीखाली आणि दुसऱ्याने मागच्या मांड्यांखाली हात घालावेत. पुढचे पाय धरून ओढणे घातक असते. कुत्र्याचे पुढचे पाय गळ्याच्या हाडाने नव्हे, तर केवळ स्नायूंनी धडाला जोडलेले असतात. गळपट्टा धरून ओढल्यास श्वास कोंडतो. पाण्यात उतरलेल्या मदतनिसाने कुत्र्याच्या समोर न राहता बाजूला राहावे, नाहीतर तो माणसाच्याच अंगावर चढू पाहतो.

बाहेर आल्यावर ओल्या फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून काठाशी रबरी चटई अंथरतात. त्यानंतर क्लोरीन जाण्यासाठी अंग साध्या पाण्याने धुऊन कान कोरडे करतात.