तुमची गल्ली सगळ्यात शेवटी

वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलमध्ये बर्फ पडतो तो वर्षातले मोजके दिवस. त्यासाठी किती यंत्रं पोसायची, कोणता रस्ता आधी मोकळा करायचा आणि कोणाला थांबायला सांगायचं, याचा हा हिशेब.

बर्फाने महापौरांची खुर्ची घालवल्याची दोन उदाहरणं अमेरिकेत हमखास सांगितली जातात. १९७९ च्या जानेवारीत शिकागो शहर हिमवादळाखाली ठप्प झालं आणि पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी विद्यमान महापौर मायकेल बिलँडिक यांना हरवलं. दुसरं उदाहरण सिअ‍ॅटलचं. २००८ च्या डिसेंबरमध्ये तिथले रस्ते जवळजवळ दोन आठवडे घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फाखाली राहिले. महापौर ग्रेग निकल्स यांनी आपल्या प्रशासनाला या कामाबद्दल ‘बी’ श्रेणी देऊन टाकली. नागरिकांची श्रेणी २००९ च्या ऑगस्टमध्ये कळली. निकल्स प्राथमिक फेरीतच बाद झाले. त्यांच्या पराभवाला इतरही कारणं होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो बर्फ.

या दोन शहरांचं दुखणं मात्र एक नाही. शिकागोत बर्फ दर हिवाळ्यात पडणारच, म्हणून तिथे यंत्रांचा ताफा बाळगणं परवडतं. सिअ‍ॅटलच्या सी-टॅक विमानतळावर वर्षभरात सरासरी पंधरा-सोळा सेंटिमीटर बर्फ पडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत हाच आकडा दोन मीटरच्या पुढे जातो. शिवाय सरासरी फसवी असते. एखादा हिवाळा कोरडाच सरतो, आणि २०१९ सारखा एखादा फेब्रुवारी एकट्यानेच ५१ सेंटिमीटर बर्फ ओतून जातो. येईल की नाही याची खात्री नसलेल्या पाहुण्यासाठी किती गाद्या शिवून ठेवायच्या?

सिअ‍ॅटलच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवर असलेल्या बॉथेलला हा प्रश्न आणखी बोचतो. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची वस्ती सुमारे ४८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. रेडमंडची मायक्रोसॉफ्ट जवळच असल्याने या पट्ट्यात मराठी कुटुंबं बरीच आहेत. पुण्या-नागपुराहून आलेल्या माणसाला इथला पहिला बर्फ फोटोपुरता छान वाटतो. दुसऱ्या दिवशी गाडी उतारावरून खाली न्यायची वेळ येते, तेव्हा त्याला नगरपालिका आठवते.

पाऊस की बर्फ, एका अंशाचा खेळ

इथे बर्फ पडण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. प्रशांत महासागराकडून येणारी ओली हवा हिवाळाभर असते, पण ती उबदार असते आणि बहुतेक वेळा तिचा पाऊसच होतो. उत्तरेला कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून ध्रुवीय थंड हवा खाली घसरली आणि त्याच वेळी समुद्राकडून ओलावा आला, तरच बर्फ.

त्यात बॉथेलची जागा खास. पश्चिमेकडून येणारा वारा ऑलिंपिक पर्वतरांगेवर आदळून दोन बाजूंना फुटतो आणि रांग ओलांडल्यावर प्युजेट साउंड या खाडीवर दोन्ही प्रवाह पुन्हा एकमेकांवर येतात. धडकलेली हवा वर चढते, थंड होते आणि एका अरुंद पट्ट्यात पाऊस किंवा बर्फ टाकते. हवामानतज्ज्ञ याला प्युजेट साउंड कन्व्हर्जन्स झोन म्हणतात. हा पट्टा बऱ्याचदा किंग काउंटीचा उत्तर भाग आणि स्नोहोमिश काउंटीचा दक्षिण भाग इथे येऊन बसतो, आणि बॉथेल या दोन्ही काउंट्यांच्या सीमेवरच वसलेलं आहे. त्यामुळे सिअ‍ॅटलमध्ये नुसती भुरभुर आणि इकडे पांढरी चादर, असंही घडतं.

शहराच्या आतही फरक पडतो. जुनं बॉथेल सॅमॅमिश नदीच्या काठी, जवळपास समुद्रसपाटीला आहे. भोवतालच्या टेकड्या शंभर मीटरहून उंच. तापमान शून्याच्या एक अंश वर असलं की खाली पाऊस पडतो, आणि टेकडीवर त्याच ढगातून बर्फ. हवामान खात्याचा अंदाज एका अंशाने चुकला तरी नगरपालिकेची अख्खी रात्र फुकट जाते, किंवा अपुरी पडते.

वितळवत का नाहीत?

नवख्या माणसाला पहिली शंका येते ती ही: रस्त्यावरचा बर्फ वितळवून का टाकत नाहीत? उत्तर साध्या गणितात आहे. ताजा बर्फ हलका असतो, घनमीटरला साधारण १०० किलो. साडेतीन मीटर रुंदीच्या एका लेनवर एक किलोमीटरभर दहा सेंटिमीटर बर्फ साचला, तर त्याचं वजन ३५ टन भरतं. शून्य अंशावरचा एवढा बर्फ नुसता पाणी करायला सुमारे ३,२०० युनिट वीज लागेल. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराला ती दोन वर्षं पुरेल. हे एका लेनच्या एका किलोमीटरचं झालं. म्हणून बर्फ वितळवायचा नसतो, ढकलायचा असतो. मीठ वापरतात ते सगळा बर्फ वितळवण्यासाठी नव्हे, तो डांबराला चिकटू नये यासाठी.

यातली शहाणी रीत म्हणजे बर्फ पडण्याआधीच मिठाचं पाणी फवारणं. त्यात मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण या प्रमाणाला मिठाचं पाणी सगळ्यात उशिरा, उणे २१ अंशांना गोठतं. अर्थात रस्त्यावर पडल्यावर ते बर्फाच्या पाण्याने पातळ होत जातं आणि उणे नऊच्या खाली साध्या मिठाची मात्रा फारशी चालत नाही. बॉथेलमध्ये पारा इतका क्वचितच उतरतो, त्यामुळे मीठ इथे कामाचं ठरतं. कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या की ओळखावं, उद्या बर्फाचा अंदाज आहे.

पण या भागात एक गोची आहे. इथला बर्फ पुष्कळदा पावसाच्या पाठीवर बसून येतो. संध्याकाळी पाऊस पडतो, रात्री पारा उतरतो आणि पावसाचा बर्फ होतो. दुपारी फवारलेलं मिठाचं पाणी तोवर गटारात गेलेलं असतं. म्हणून फवारणी कधी करायची हे ठरवण्यात अनुभवी मुकादमाची कसोटी लागते.

बर्फ साचू लागला की प्लाऊ निघतात. प्लाऊ म्हणजे वेगळी गाडी असेलच असं नाही. उन्हाळ्यात खडी आणि डांबर वाहणाऱ्या डंपरलाच पुढे पातं आणि मागे मीठ किंवा वाळू पसरणारं यंत्र जोडतात. चालवणारेही तेच, एरवी खड्डे बुजवणारे आणि गटारं साफ करणारे कामगार. छोट्या शहराची काटकसर ती हीच. पात्याची कडही विचार करून निवडावी लागते. लोखंडी कड बर्फ खरवडून काढते, पण लेन दाखवण्यासाठी रस्त्यावर चिकटवलेली उंच बटणंही उखडते. रबरी कड बटणं वाचवते, पण दाबला गेलेला बर्फ तिला निघत नाही. २००८ मध्ये सिअ‍ॅटलची पाती रबरी कडेचीच होती.

ढकललेला बर्फ जातो कुठे? रस्त्याच्या कडेला, म्हणजे तुमच्या दारात. तासभर खपून ड्राइव्हवे साफ करावा आणि प्लाऊने येऊन तोंडाशी कंबरभर नाही तरी गुडघाभर ढीग लावून जावं, ही घराघरातली तक्रार. त्यावर जुन्या रहिवाशांचा एक तोडगा आहे. रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि उपसलेला बर्फ उजव्या हाताला टाकायचा. इथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे प्लाऊ तुमच्या डावीकडून येऊन उजवीकडे जातो. उजवीकडचा ढीग तो पुढे घेऊन जातो. डावीकडे टाकलेला मात्र तुमच्याच दारात परत आणून ओततो.

आधी कोण, शेवटी कोण

आता मुख्य मुद्दा. गाड्या मोजक्या, रस्ते शेकडो. बॉथेल काय किंवा आसपासची शहरं काय, रस्त्यांची उतरंड आधीच ठरवून ठेवतात आणि नकाशावर छापून नागरिकांसमोर मांडतात. पहिल्या फळीत मोठे रस्ते: अग्निशमन केंद्रं, दवाखाने, बसचे मार्ग आणि टेकडीवर जाणारे मुख्य चढ. दुसऱ्या फळीत त्यांना मिळणारे मधले रस्ते. वस्तीतल्या गल्ल्या सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा त्यांची पाळी येतच नाही. तोवर बर्फ आपणहून वितळलेला असतो.

वरवर पाहता वाटतं, मोठे रस्ते एकदा झाले की गल्ल्यांकडे का वळत नाहीत? कारण वादळ चालू असेपर्यंत ‘एकदा झाले’ असं काही नसतं. प्लाऊ रस्त्याच्या टोकाला पोचतो तेव्हा सुरुवातीला पुन्हा बोटभर बर्फ असतो. पहिल्या फळीत फेऱ्यांवर फेऱ्या होतात आणि दुसरी फळी वाट पाहते. काही तीव्र उतार तर साफ करण्याच्या भानगडीत न पडता अडथळे लावून बंदच करतात. पोरं मग घसरगाड्या घेऊन तिथे जमतात.

या उतरंडीवर बाकीचं शहर आपापलं वेळापत्रक बेततं. नॉर्थशोर शाळा-जिल्ह्याचं मुख्यालय बॉथेलमध्येच आहे आणि त्याच्या शाळांत २० हजारांहून अधिक मुलं शिकतात. पिवळ्या बस गल्ल्यांत शिरू शकत नसतील तर शाळा दोन तास उशिरा भरते, बस बर्फाच्या दिवसांसाठी ठरवलेल्या मार्गांवरच धावतात, किंवा सुट्टी जाहीर होते. किंग काउंटी मेट्रोच्या बसमार्गांचीही बर्फासाठी वेगळी आखणी आहे. चढ टाळून बस सपाटीवरून नेतात. टेकडीवरचे रहिवासी आदल्या संध्याकाळीच गाडी खाली सपाट रस्त्यालगत लावून ठेवतात आणि सकाळी चालत उतरतात.

गोंधळ होतो तो हद्दीचा. ४०५ क्रमांकाचा इंटरस्टेट महामार्ग राज्याच्या परिवहन खात्याकडे, शहरातले रस्ते शहराकडे, शहराबाहेरचे काउंटीकडे. काउंट्या पुन्हा दोन. त्यात टपाल पत्त्यावर ‘बॉथेल’ असलेली पुष्कळ घरं प्रत्यक्षात शहराच्या हद्दीबाहेर, स्नोहोमिश काउंटीत पडतात. असा माणूस नगरपालिकेला फोन लावतो तेव्हा कळतं की आपला रस्ता त्यांच्या यादीतच नाही. हडपसरच्या पलीकडे घर घेऊन पत्त्यात पुणे लिहिणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

मीठ, वाळू आणि सामन मासा

२००८ च्या त्या बर्फात सिअ‍ॅटलने रस्त्यांवर मीठ वापरलं नव्हतं. का? प्युजेट साउंडच्या पाण्याची काळजी म्हणून. शहराची मदार वाळूवर होती. ओरड झाल्यावर नाताळच्या सुमारास धोरण बदललं आणि मीठ आलं.

काळजी मात्र खोटी नव्हती. अमेरिकेत खपणाऱ्या एकूण मिठापैकी साधारण ४० टक्के मीठ रस्त्यांवर पडतं. त्यातलं क्लोराइड कुठे नाहीसं होत नाही. ते ओढ्यात उतरतं, भूजलात मुरतं, पुलांचं लोखंड गंजवतं. बॉथेलमधून वाहणारा नॉर्थ क्रीक सॅमॅमिश नदीला मिळतो, नदी वॉशिंग्टन सरोवराला, आणि या वाटेने सामन मासे समुद्रातून अंडी घालायला परत येतात. पण वाळूही निष्पाप नाही. ती बर्फ वितळवत नाही, नुसती पकड देते. नंतर गटारांची तोंडं बुजवते, आणि तिचा बारीक गाळ ओढ्याच्या तळाशी बसला तर खडीत घातलेली माशांची अंडी गुदमरतात. म्हणून आता भांडण मीठ की वाळू असं राहिलेलं नाही. बर्फ पडण्याआधी मोजकं मिठाचं पाणी फवारून एकूण मीठ कमी कसं लागेल, याकडे कल आहे.

नालेसफाईच्या मुलखातून पाहताना

मुंबईत मे महिना आला की नालेसफाईच्या टक्केवारीवरून भांडण जुंपतं. पाऊस तर दरवर्षी येतोच, म्हणजे मुंबईची अवस्था बॉथेलपेक्षा शिकागोच्या जवळची. यंत्रणा बाळगायला कारण पुरेसं आहे आणि पैसाही आहे. तरी अंधेरीचा किंवा मिलनचा भुयारी मार्ग पाण्याखाली गेला की आपली चर्चा एकाच प्रश्नावर अडते: काम झालं की नाही? बॉथेलचा नकाशा वेगळा प्रश्न पुढे ठेवतो: सगळं काम होणं शक्य नसेल, तेव्हा आधी कोणाचं?

ही निवड प्रत्येक शहर करतंच. कुठे ती अधिकाऱ्याच्या टेबलावर होते, कुठे नगरसेवकाच्या फोनवर. आधी छापलेल्या यादीचा फायदा एवढाच की बर्फ पडत असताना तिच्यात कोणाची गल्ली वर सरकत नाही, आणि ज्याची गल्ली शेवटी आहे तो शेजाऱ्यांना हाताशी धरून स्वतःच फावडं उचलतो. यादीवर आक्षेप असेल तर उन्हाळ्यात शहर परिषदेच्या बैठकीत उभं राहून भांडताही येतं. तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि भांडायला निवांत वेळ असतो. आपल्याकडे जूनमध्ये पंप कुठे लागणार याची यादी निघते. पाणी एकाच वेळी सगळीकडे भरलं तर कोणता रस्ता आधी मोकळा होणार आणि कोणाला थांबावं लागणार, हेही तिच्यात लिहायला काय हरकत आहे?