टीसीएलचा वास आणि पाण्यातले वायू

पावसाळा लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. टाकीत टीसीएल टाकलं की पाण्याला वास मारतो, त्यापेक्षा विहिरीचं पाणी बरं. काही जणी हळूच विचारतात, "ताई, त्या पावडरीनं कॅन्सर होतो म्हणे, खरं का?" आज त्याबद्दलच बोलू.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यातला क्लोरीन कॉलरा, टायफॉइड, हगवणीचे जंतू मारतो. पण उजनीसारख्या धरणाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात कुजलेला पाला आणि शेवाळही विरघळलेलं असतं. क्लोरीनचा त्याच्याशी संयोग झाला की अगदी थोडा क्लोरोफॉर्म तयार होतो. पाण्यात ब्रोमाइडचा क्षार असेल तर ब्रोमोफॉर्मही होतो. ही गोष्ट १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या पाण्यात उघड झाली.

ब्रोमोफॉर्म निसर्गातही आहे. समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारं शेवाळ तो स्वतः बनवतं. वाऱ्यानं, लाटांनी पाणी ढवळलं की तो हवेत उडून जातो. आपल्या पातेल्यातही तसंच होतं. पाणी जितकं गरम, उघडं आणि ढवळलेलं, तितका वायू लवकर बाहेर पडतो.

मग भ्यायचं का? भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. त्याच मानकात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असंही सांगितलंय. क्लोरोफॉर्मचा धोका वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेला तर. दूषित पाणी मात्र लेकराला एका दिवसात दवाखान्यात नेतं. म्हणून या वायूंच्या भीतीनं क्लोरीन बंद करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आणि नाकाला येतो तो वास क्लोरीनचा, म्हणजे आपल्या राखणदाराचा.

आपल्या हातात काय आहे? गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, चौपदरी फडक्यानं गाळा, मगच क्लोरीनचं औषध घाला. पाला-गाळ कमी, तर हे वायूही कमी. औषध घातल्यावर अर्धा तास थांबा. पाणी उकळत असाल तर झाकण काढून, खिडकी उघडून उकळा. उकळल्यावर क्लोरीनही उडून जातो, म्हणून ते पाणी झाकून ठेवा, वगराळ्यानं काढा, त्यात हात बुडवू नका. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडू देऊ नका.

मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. टाकी शेवटची कधी धुतली? आणि गावातल्या शेवटच्या नळाची ओटी टेस्ट कधी झाली? त्या टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर टीसीएल कमी पडतंय. हे विचारायला एकटी जाऊ नका, सगळ्या मिळून जा.