विश्लेषण : खोक्यावर १ टीबी, प्रत्यक्षात किती? गेमिंग कन्सोलचे आकडे, नावे आणि ‘रिव्ह्यू’ कसे वाचावेत?

साताऱ्यातील पोवई नाका असो की सांगलीतील विश्रामबाग, कन्सोल घ्यायचे ठरवणाऱ्या मित्रांमध्ये तीन मुद्द्यांवर वाद रंगतो. स्टोरेजसाठी वेगळे पैसे का मोजायचे? एकसारख्या नावांच्या मॉडेलमधून नेमके कोणते घ्यायचे? आणि गेमच्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा का? वाद तीन असले तरी प्रश्न एकच आहे. पैसे देण्याआधी जे सांगितले जाते आणि जे हातात पडते, त्यात अंतर किती? कुणाच्या पहिल्या पगाराचे, तर कुणी घरच्यांना महिनोन्‌महिने पटवून मिळवलेले हे पैसे असतात. म्हणून हे अंतर समजून घ्यायला हवे.

पूर्ण जागा का मिळत नाही?

भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी होती. गेमसाठी त्यातली सुमारे ६६७ जीबी उरते. एक्सबॉक्स सिरीज एसवर ५१२ जीबी लिहिलेले असते, वापरायला मिळते सुमारे ३६४ जीबी. उरलेली जागा ऑपरेटिंग सिस्टीम आणि कन्सोलच्या अंतर्गत कामांसाठी राखीव असते. शिवाय स्टोरेज बनवणाऱ्या कंपन्या १ टीबी म्हणजे १००० जीबी धरतात. विंडोज संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून तीच १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते.

आता गेमचा आकार पाहा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या दोन्ही गेमच्या पीसी आवृत्तीसाठी प्रत्येकी १५० जीबी जागा मागितली जाते. ३६४ जीबीत एवढ्या आकाराचे दोनच गेम बसतात. तिसरा टाकायचा तर आधीचा काढावा लागतो.

साधी हार्डडिस्क जोडून भागत नाही का?

अर्धेच भागते. नव्या पिढीचे गेम एसएसडीच्या वेगावर आधारलेले आहेत. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी माहिती वाचते. यूएसबी हार्डडिस्कला तो वेग गाठता येत नाही. त्यामुळे तिच्यावर प्लेस्टेशन ५ चा गेम साठवता येतो, खेळता येत नाही. खेळण्यासाठी एम.२ प्रकारची वेगवान एसएसडी लागते. एक्सबॉक्ससाठी खास कार्ड घ्यावे लागते. सुरुवातीला अमेरिकेत सिरीज एस ३०० डॉलरला होता आणि १ टीबीचे कार्ड २२० डॉलरला. ५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेंडो स्विच २ मध्ये २५६ जीबी जागा आहे. ती वाढवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस हेच कार्ड लागते. मोबाइलमधले जुने कार्ड त्यावर गेम साठवायला चालत नाही.

त्यातच २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या. ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना मेमरी आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

डेटाचा हिशेब

गेम काढून पुन्हा टाकणे फुकट नसते. १५० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या फायबरवर उतरायला सुमारे पावणेसात तास लागतात, तेही वेग एकदाही पडला नाही तर. गावात फायबर नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबी डेटावर भिस्त असेल, तर हाच गेम ७५ दिवस घेईल.

म्हणूनच इथे डिस्कला मोल आहे. साताऱ्यातल्या मित्राने संपवलेला गेम सांगलीतल्या मित्राला देता येतो. मात्र स्विच २ च्या अनेक गेमची ‘गेम-की कार्ड’ येतात. त्यात गेम नसतो, फक्त तो डाउनलोड करण्याची परवानगी असते. कार्ड मित्राला देता येते, पण डेटा त्यालाही खर्चावाच लागतो.

नावांचा घोळ महागात कसा पडतो?

एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६०, वन, वन एस, वन एक्स आणि मग सिरीज एक्स व सिरीज एस असा हा क्रम आहे. सेकंडहँड बाजारात कुणी नुसते ‘एक्सबॉक्स एस’ म्हटले, तर तो २०१६ चा वन एस असू शकतो किंवा २०२० चा सिरीज एस. पहिल्यात डिस्क चालते पण यंत्र जुन्या पिढीचे. दुसरे नव्या पिढीचे पण त्यात डिस्क टाकायला जागाच नाही.

निन्टेंडोलाही हा धडा मिळाला आहे. वी कन्सोल १० कोटींहून अधिक विकला गेला. २०१२ चा वी यू मात्र सुमारे १ कोटी ३६ लाखांवर थांबला. हे नवे यंत्र आहे की जुन्याचीच जोडणी, हेच अनेकांना कळले नव्हते. पुढे स्विचनंतरच्या यंत्राला सरळ ‘स्विच २’ नाव दिले गेले.

नाव तेच ठेवून आतला माल बदलल्याचेही उदाहरण आहे. २०२५ मध्ये युरोपात प्लेस्टेशन ५ डिजिटल एडिशनची जागा १ टीबीवरून पुन्हा ८२५ जीबी झाली, किंमत तीच राहिली.

रिव्ह्यू कितपत न्याय्य?

‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये आला. समीक्षकांना आधी फक्त पीसी आवृत्ती दिली होती आणि गुणही त्यावरूनच पडले. प्लेस्टेशन ४ वर मात्र गेम अडखळत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला, जून २०२१ मध्ये परत घेतला. रिव्ह्यू खोटे नव्हते; ग्राहक विकत घेत होता तीच वस्तू तपासली गेली नव्हती. स्विच २ वर मात्र याच गेमची संपूर्ण आवृत्ती ६४ जीबीच्या कार्डवर मिळाली.

खेळाडूंचे गुणही नेहमी निर्मळ नसतात. २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ विक्रीला येताच, गेम पूर्ण खेळूनही झाला नसेल इतक्या कमी वेळात हजारोंनी शून्य गुण दिले. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यावर ३६ तास वापरकर्त्यांचे रिव्ह्यू थांबवण्याचा नियम केला.

छोट्या स्टुडिओचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ २०१७ च्या लोकवर्गणी मोहिमेत अपयशी ठरला होता. तरी तो ऑगस्ट २०२० मध्ये स्विचवर आला आणि गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोहोचला. चित्रशैलीचे कौतुक झाले, लढतींवर टीका झाली. ती टीका योग्यच. पण मूठभर लोकांचा गेम आणि शेकडो जणांचा गेम एकाच दहाच्या पट्टीवर मोजले जातात. अशा वेळी आकड्यापेक्षा खालचा मजकूर वाचलेला बरा.

खरेदीआधी काय तपासाल?

- खोक्यावरची नव्हे, वापरता येणारी जागा विचारा. आवडत्या तीन गेमच्या आकाराची बेरीज करून पाहा.
- नावापेक्षा मॉडेल क्रमांक पाहा. प्लेस्टेशन ५ मध्ये ‘सीएफआय-१’ने सुरू होणारे मॉडेल ८२५ जीबीचे, ‘सीएफआय-२०’ने सुरू होणारे १ टीबीचे.
- डिस्क ड्राइव्ह आहे का, याची खात्री करा.
- पुन्हा डाउनलोड टाळायचे असेल, तर न खेळले जाणारे गेम साध्या हार्डडिस्कवर हलवून ठेवा.
- रिव्ह्यू तुमच्याच कन्सोलवरचा आहे का, ते पाहा. नसेल तर आठवडाभर थांबा. तेवढ्या काळात खरे चित्र बाहेर येते.